खाण तशी माती?

कॅनडाला जाऊन नायगारा न पाहता परत आलेल्या माणसाकडे आमच्या पेठेत जरा संशयानेच बघतात. "मग तिथे जाऊन केलंत तरी काय?" हा प्रश्न मला आतापर्यंत निदान अकरा जणांनी विचारला असेल. त्या अकरांना, आणि मनातल्या मनात तेच विचारणाऱ्या सभ्य वाचकांना, उत्तर म्हणून हा लेख. मी बॅडेक नावाच्या एका चिमुकल्या गावाला गेले होते. तिथे मी एका फार मोठ्या माणसाच्या मेंढ्यांची हकिगत ऐकली, आणि ती ऐकता ऐकता मला आमच्या आक्काची आठवण आली.

त्याचे असे झाले. माझा मुलगा हॅलिफॅक्सला असतो. ऑक्टोबरातल्या दुसऱ्या सोमवारी तिकडे सुगीच्या सणाची सुटी असते, आणि शनिवार-रविवार धरून तीन दिवस मोकळे मिळतात. मी चौतीस वर्षे शाळेत विज्ञान शिकवले. 'टेलिफोनचा शोध ....... याने लावला' ही रिकामी जागा मी किती हजार मुलांकडून भरून घेतली असेल, त्याची गणती नाही. मुलगा म्हणाला, "आई, नायगारा काय, केव्हाही पाहता येईल. या सुटीत तुला त्या रिकाम्या जागेतल्या माणसाच्या गावी नेतो."

हॅलिफॅक्सपासून बॅडेक साडेतीनशे किलोमीटर. सूनबाईने पहाटे उठून तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या, नऊ वर्षांच्या नातीने गाडीत खिडकीची जागा पटकावली आणि आम्ही निघालो. दुतर्फा मेपलची झाडे लालभडक झाली होती. फाल्गुनात आपल्याकडे पळस पेटतो ना, तसे. पण इथे एकटेदुकटे झाड नव्हे, डोंगरच्या डोंगर पेटलेला. वाटेत कॅन्सोची खाडी लागते. १९५५ साली तिथे दगडांची भर घालून बांध घातला; तोवर पलीकडच्या केप ब्रेटन बेटावर जायला बोटीत बसावे लागे. बांध ओलांडला की रस्त्यावरच्या पाट्यांवर अधूनमधून इंग्रजीच्या जोडीला गेलिक भाषा दिसू लागते. स्कॉटलंडमधून इथे पुष्कळ लोक येऊन राहिले, त्यांची ती भाषा.

अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलही मूळचा स्कॉटिशच. १८४७ साली एडिंबरोला जन्मलेला. १८८५ मध्ये तो पहिल्यांदा बॅडेकला आला, आणि हे डोंगर, हे धुके आणि ब्रा डोर सरोवराचे खारट पाणी पाहून जणू गावी परत आल्यासारखा हरखला. गावासमोरच्या उंच भूशिरावर त्याने जमीन घेतली, घर बांधले आणि त्या जागेला 'बेन व्रीया' असे नाव दिले. गेलिकमध्ये त्याचा अर्थ 'सुंदर डोंगर'. १९२२ साली तो तिथेच वारला, आणि त्याच डोंगराच्या माथ्यावर त्याला पुरले. ते घर आजही त्याच्या वंशजांकडे आहे. त्यामुळे आपल्यासारख्यांनी ते पाण्याच्या अलीकडूनच पाहायचे.

अलीकडे, गावाच्या बाजूला, १९५६ साली उघडलेले त्याचे संग्रहालय आहे. बेलला त्रिकोणांचे भारी वेड. चार त्रिकोण जोडून होणारी आकृती वजनाला हलकी आणि ताकदीला भक्कम, म्हणून त्याने तसले शेकडो कप्पे जुळवून पतंग केले; एवढे मोठे, की माणूस घेऊन उडावेत. संग्रहालयाची इमारतही त्याच धर्तीची. नात त्रिकोण मोजत पुढे, आणि मी मागे. 'सिल्व्हर डार्ट' या विमानाची गोष्ट तिथे आहे. २३ फेब्रुवारी १९०९ रोजी याच उपसागरावरच्या गोठलेल्या बर्फावरून ते उडाले, आणि कॅनडाच्या भूमीवरचे ते पहिले यांत्रिक उड्डाण ठरले. पाण्यावरून पंखांवर उचलून धावणारी 'एचडी-४' ही होडीही तिथे आहे. १९१९ साली तिने ताशी सत्तर मैलांच्या वर वेग गाठला, तेव्हा बेल बहात्तर वर्षांचा होता!

नातीने मान वर करून विचारले, "आजी, असे लोक जन्मतःच हुशार असतात का गं?"

मी मास्तरीण. उत्तर तोंडावर तयार. "असतातच. खाण तशी माती," म्हणून मी मोकळी झाले. बेलचे आजोबा उच्चारशास्त्राचे शिक्षक, वडीलही तेच, काकाही तेच. मग मुलगा आवाजाचे यंत्र करणार नाही तर काय करील?

पुढे गणवेशातली एक तरुण मुलगी पाहुण्यांना माहिती सांगत होती. तिने मेंढ्यांचा विषय काढला, आणि माझे ते तयार उत्तर घशात अडकले.

गोष्ट अशी. बेन व्रीयाची जमीन घेतली तेव्हा तिच्याबरोबर बेलकडे काही मेंढ्याही आल्या. एरवी मेंढीला दोन सड असतात. या कळपातल्या काही मेंढ्यांना दोनाहून अधिक होते. बेलच्या मनात आले, की ज्या मेंढीला सड जास्त तिला जुळी होण्याचा संभव जास्त असेल. मग निवडून निवडून अशाच मेंढ्यांची वीण वाढवली तर शेतकऱ्याला दुप्पट कोकरे मिळतील. झाले! या गृहस्थाने सुमारे तीस वर्षे मेंढ्यांचे सड मोजले. त्यांच्या वंशावळ्या लिहिल्या, वजने टिपली, वह्या छापून काढल्या, विज्ञानाच्या मासिकात लेख लिहिले. चार सडांच्या मेंढ्या झाल्या, सहा सडांच्याही झाल्या. पण जुळ्यांचा हिशेब काही त्याला हवा तसा जमला नाही. सगळे पाहुणे हसले. मीही हसले.

मग ती मुलगी जरा थांबून म्हणाली, की मेंढ्यांचे जे गणित, तेच बेलसाहेब माणसांनाही लावू पाहत होते. विशेषतः बहिऱ्या माणसांना. तेव्हा मात्र मी हसले नाही.

वाचकहो, इथे मला थोडे मागे जायला हवे. बॅडेकहून परतल्यावर मी मुलाच्या गावच्या वाचनालयात बसून बरेच वाचले. त्यातले काही सांगते.

'थोरपण रक्तातून येते' ही समजूत जगभर जुनीच आहे. पण तिला शास्त्राचा अंगरखा चढवला तो इंग्लंडातल्या फ्रान्सिस गाल्टन याने. हा चार्ल्स डार्विनचा आतेभाऊ. १८६९ साली त्याने 'हेरिडिटरी जीनियस' हा ग्रंथ लिहिला. न्यायाधीश, मुत्सद्दी, सेनापती, कवी, शास्त्रज्ञ अशा नामांकितांच्या याद्या केल्या, त्यांचे बाप, भाऊ, मुलगे, पुतणे मोजले, आणि सांगितले की प्रतिभा वंशातून उतरते. वाफेच्या इंजिनाचा जेम्स वॉटही त्या यादीत आहे. ज्याच्यात खरा गुण आहे तो गरिबीने किंवा अडचणींनी अडून राहत नाही, असेही गाल्टनने ठामपणे लिहिले. म्हणजे जो वर आला नाही, त्याच्यात काही नव्हतेच! मोठ्या माणसाच्या मुलाला मोठ्यांच्या ओळखी, पुस्तके आणि पैसाही मिळतो, हे त्याने फारसे मनावर घेतले नाही. आल्फोन्स द कँदोल या स्विस वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७३ साली त्याला ग्रंथरूपाने उत्तर दिले, की शास्त्रज्ञ निपजायला देश, शिक्षण आणि मोकळीकही लागते. पण गाल्टनचे म्हणणे लोकांना अधिक रुचले. चांगल्या घरच्या माणसांना ते रुचणारच. १८८३ साली गाल्टनने या विचाराला 'युजेनिक्स' हे नाव दिले. आपल्याकडे त्याला सुप्रजननशास्त्र म्हणू लागले. उत्तम बीज वाढवा, हीण बीज थांबवा, एवढे त्याचे सार. गाल्टनला स्वतःला मूलबाळ झाले नाही, हा नियतीचा विनोद म्हणायचा.

पुढे अमेरिकेत या विचाराचे पेव फुटले. न्यूयॉर्कजवळ कोल्ड स्प्रिंग हार्बर येथे १९१० साली 'युजेनिक्स रेकॉर्ड ऑफिस' निघाले. घराण्याघराण्यांच्या वंशावळ्या तिथे जमा होत. तिथला मुख्य चार्ल्स डॅव्हनपोर्ट याने १९११ च्या आपल्या ग्रंथात यांत्रिक कौशल्यही आनुवंशिक गुणांत बसवले. डोळ्यांचा रंग उतरतो तसे पाना-हातोडीचे कसबही उतरते, असा तो विचार. १९१९ साली तर त्याने नौदलातल्या अधिकाऱ्यांच्या वंशावळ्या तपासून समुद्राची ओढही रक्तातूनच येते, आणि पुरुषांनाच येते, असे लिहिले. त्याने आमच्या कोकणातल्या कोळिणींना एकदा विचारायला हवे होते!

या कचेरीच्या शास्त्रीय मंडळाचा अध्यक्ष कोण? तर ग्रॅहॅम बेल. १९२१ साली न्यूयॉर्कला सुप्रजननाची दुसरी आंतरराष्ट्रीय परिषद भरली, तिचा मानद अध्यक्ष कोण? तोही बेलच. आणि गाल्टनने 'युजेनिक्स' शब्द काढला त्याच १८८३ साली बेलने अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. बहिऱ्यांच्या शाळांचे दाखले, त्यांतली पुन्हा पुन्हा येणारी आडनावे मोजून त्याने इशारा दिला, की बहिरे बहिऱ्यांशी लग्ने करीत राहिले तर माणसांची एक बहिरी जातच तयार होईल. कायद्याने अशी लग्ने बंद करावीत, असे त्याने म्हटले नाही. पण बहिऱ्या मुलांना एकत्र ठेवणाऱ्या निवासी शाळा नकोत, बहिरे शिक्षक नकोत, हातांची खुणांची भाषा नको, म्हणजे ती माणसे एकमेकांना भेटणारच नाहीत, असा त्याचा सल्ला होता. बहुतेक बहिरी मुले ऐकू येणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, ही गोष्ट त्या हिशेबात मागे पडली.

आता आक्काविषयी सांगते.

आक्का माझ्याहून चार वर्षांनी मोठी. १९५२ साली, सहा वर्षांची असताना तिला मोठा ताप आला. ताप उतरला आणि त्याबरोबर कानही गेले. तिला एका शाळेत घातले. तिथे मुलांना ओठ पाहून बोलणे शिकवीत, आणि कोणी हातांनी खुणा केल्या तर हातांवर बसवून ठेवीत. आक्का घरी यायची तेव्हा तिची बोटे सुन्न झालेली असत. हा नियम कोणत्या दूरदेशीच्या विचारातून पुण्यातल्या त्या वर्गापर्यंत आला, ते मला बॅडेकला पोचेपर्यंत ठाऊक नव्हते. बेल त्या विचाराचा सगळ्यांत मोठा पुरस्कर्ता होता. शाळेत बंदी असली तरी घरी आम्हां दोघींची खुणांची भाषा होतीच. मिशीला पीळ म्हणजे दादा, कपाळावर आडवे बोट म्हणजे आई, बशी फुंकणे म्हणजे चहा.

आक्काचा हात यंत्रात फार चाले. स्टोव्ह बिघडला, शिवणयंत्र अडले, की आळीतल्या बायका तिच्याकडे येत. दुपारी घरी एकटी असली की दार वाजलेले तिला कळत नसे. म्हणून बारा-तेरा वर्षांची असताना तिने दाराच्या भोकातून एक सुतळी बाहेर सोडली, आत ती आढ्याच्या कप्पीवरून नेली आणि टोकाला लाल चिंधी बांधली. बाहेरून सुतळी ओढली की स्वयंपाकघरात तिच्या डोळ्यांसमोर चिंधी नाचे. पुढे घरात विजेची घंटा आली, तर हिने तिच्या तारांना दिवा जोडून घेतला. आम्ही त्याला आक्काची खटपट म्हणत असू. शोध हा शब्द आम्हांला सुचला नाही.

तिला स्थळे आली. प्रत्येक ठिकाणी एकच प्रश्न: "घराण्यात आहे का?" दादा डॉक्टरांची चिठ्ठी दाखवीत, तापाचे सांगत. लोक मान हलवीत आणि नंतर निरोप पाठवीत, की पत्रिका जुळत नाही. मग माझी वेळ आली. १९७३ साली मला पाहायला मंडळी यायची होती, त्या दिवशी आक्काला सकाळीच आत्याकडे पाठवून दिले. मी नेसले होते त्या साडीवरचा ब्लाउज आक्कानेच रात्री जागून शिवला होता. निघताना तिने आईला खुणेने विचारले, 'मी का?' आईने तोंड फिरवले. मी तिथेच उभी होते, आणि मीही काही बोलले नाही.

पुढे मुलगा झाला तेव्हा मी, विज्ञानाची पदवीधर, पाळण्यामागे उभी राहून टाळ्या वाजवून पाहत असे. तापाने गेलेले कान वारशाने जात नाहीत, हे मला पाठ होते. पण बीजाची भीती डोक्यात शिरली की पदवी तिला बाहेर काढू शकत नाही.

म्हणून म्हणते, हे साहेबांचे खूळ म्हणून आपण हात झटकू नयेत. आपल्या लाडक्या कादंबरीकार ना. सी. फडक्यांनी १९२७ साली भारतात सुप्रजननाची चळवळ हवी, असे सांगणारे एक इंग्रजी पुस्तक लिहिले होते. त्याच सुमारास आपल्या इरावती कर्वे बर्लिनला मानववंशशास्त्र शिकत होत्या. त्यांचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर हे वंशश्रेष्ठत्व मानणारे. कवट्यांच्या मोजमापात वंशावंशांतला फरक दिसेल, अशी त्यांची अपेक्षा होती. इरावतीबाईंनी कवट्या मोजल्या आणि निर्भीडपणे लिहिले, की तसे काही दिसत नाही. पुण्यातली एक तरुण बाई परक्या देशात गुरूला असे सांगते, याचा मला फार अभिमान वाटतो. मला तर घरच्या घरातही तोंड उघडता आले नव्हते.

असो. पुन्हा बॅडेकला येऊ. संग्रहालयात मी बेलच्या घरच्या माणसांची छायाचित्रे पाहत होते, आणि मनात एक खोडकर विचार आला. कोल्ड स्प्रिंग हार्बरच्या वहीत खुद्द बेलच्या घराण्याची नोंद केली असती तर काय दिसले असते? आई एलायझा, जवळजवळ बहिरी. धाकटा भाऊ १८६७ साली क्षयाने गेला, थोरला १८७० साली क्षयानेच. अलेक स्वतः इतका खंगलेला, की राहिलेला एक मुलगा तरी वाचावा म्हणून आईबाप घरदार विकून कॅनडाला आले. क्षय तेव्हा घराण्यातला रोग समजत. अशा घरात मुलगी द्यावी का? आमच्या आळीने तर पत्रिका पाहण्याचेही कष्ट घेतले नसते.

आणि टेलिफोन तरी आला कुठून? मी मुलांना सांगत असे, की एका प्रतिभावंताच्या डोक्यातून. खरी गोष्ट निराळी आहे. टेलिफोनचा जन्म बहिऱ्यांच्या अंगणात झाला. बेलचे वडील बहिऱ्यांना उपयोगी पडेल अशी उच्चारांची चित्रलिपी करीत होते, म्हणून त्याला आवाजाची नाडी कळली. आवाज बहिऱ्या मुलांच्या डोळ्यांना दिसावा म्हणून त्याने १८७४ साली मृत माणसाचा कान घेऊन एक यंत्र केले. आवाजाने कानाचा पडदा हलतो आणि काडी काजळीवर रेघ ओढते. एवढा पातळ पडदा एवढी हाडे हलवतो, तर पोलादाचा तुकडा का हलणार नाही, ही कल्पना त्यातून आली. पैसा दिला दोघांनी: टॉमस सँडर्स आणि गार्डिनर हबर्ड. दोघेही बहिऱ्या मुलांचे बाप, आणि दोघांची मुले बेलचे विद्यार्थी. बेलच्या हाताला मात्र कारागिरी नव्हती. तारा, चुंबक, पडदे सगळे घडवले ते बॉस्टनच्या एका विजेच्या कारखान्यातल्या टॉमस वॉटसन या तरुण कारागिराने. बापाचा विचार, विद्यार्थ्यांची गरज, त्यांच्या वडिलांचा पैसा आणि कारागिराचे हात, एवढी मंडळी जमली तेव्हा कुठे १८७६ साली ती तार बोलली.

तरीही म्हणाल, की ठिणगी तर बेलचीच! तर ऐका. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी वॉशिंग्टनच्या पेटंट कचेरीत बेलचा अर्ज गेला, आणि त्याच दिवशी, त्याच कचेरीत, एलायशा ग्रे नावाच्या दुसऱ्या संशोधकाचा त्याच कल्पनेचा कागदही गेला. दोघांचे रक्त एक नव्हते, गाव एक नव्हते. काळ मात्र एक होता. तारायंत्र गावोगाव पोचले होते आणि पुढचे पाऊल कोणी ना कोणी टाकणारच होते. मानवशास्त्रज्ञ क्रोबर याने १९१७ साली नेमके हेच दाखले मांडून विचारले, की शोध प्रतिभेच्या बीजातूनच उगवत असेल तर तो एकाच वेळी दोन परक्या अंगणांत कसा उगवतो? १९२२ साली ऑगबर्न आणि डोरोथी थॉमस यांनी एकाहून अधिकांनी स्वतंत्रपणे लावलेल्या तब्बल १४८ शोधांची यादी छापली. टेलिफोन तीत आहेच. ती यादी मार्चमध्ये निघाली आणि ऑगस्टमध्ये बेल वारला. त्याने ती पाहिली असेल का, असे मनात येऊन गेले.

संग्रहालयात सर्वांत जास्त वेळ मी थांबले ती मेबलच्या छायाचित्रापुढे. मेबल म्हणजे त्या हबर्डची मुलगी, बेलची विद्यार्थिनी आणि १८७७ पासून त्याची बायको. पाच वर्षांची असताना लाल पुरळाच्या तापाने तिचे कान गेले. अगदी आमच्या आक्कासारखे. लग्नात बेलने आपल्या कंपनीचे जवळजवळ सगळे शेअर तिच्या नावावर केले. संसार आणि हिशेब तिनेच सांभाळले. म्हातारपणी नवऱ्याचे पतंग नुसते हवेत लोंबकळताहेत हे पाहून तिनेच सुचवले, की चार तरुण मदतीला घ्या आणि मंडळी स्थापन करा. आपली जागा विकून वीस हजार डॉलर तिनेच काढून दिले. १९०७ साली निघालेल्या त्या मंडळीनेच 'सिल्व्हर डार्ट' उडवले. म्हणजे कॅनडाचे पहिले विमान एका बहिऱ्या बाईच्या पैशावर आणि तिच्याच युक्तीवर उडाले! बेल तिच्यावर जीव टाकी, आणि तरीही तिच्यासारख्यांविषयी तो निबंध लिहून गेला. माणूस घरात एक पाहतो आणि वहीत दुसरेच मांडतो, याचे याहून मोठे उदाहरण मी पाहिले नाही.

बेल दुष्ट नव्हता. आयुष्यभर त्याने बहिऱ्या मुलांना शिकवले. म्हणूनच गोष्ट अधिक वाईट वाटते. त्याने पेरले त्याच मातीत दुसऱ्यांनी भलतेच पीक काढले. १९०७ साली अमेरिकेत इंडियाना राज्याने सक्तीच्या नसबंदीचा पहिला कायदा केला. पुढे त्या देशात साठ हजारांहून अधिक माणसांवर अशा शस्त्रक्रिया झाल्या. १९३३ साली हिटलरच्या जर्मनीने तसाच कायदा केला, आणि कोणाची वीण थांबवायची त्या यादीत आनुवंशिक बहिरेपण नाव घेऊन लिहिले.

आता गोष्टीचा शेवटचा पेच सांगते. बेलने केलेले यंत्र जवळजवळ नव्वद वर्षे बहिऱ्यांना निरुपयोगीच होते. आमच्याकडे फोन आला तेव्हा सारी आळी गोळा झाली होती, आणि आक्का कोपऱ्यात उभी राहून आमची तोंडे पाहत होती. तो फोन बहिऱ्यांसाठी खुला केला तो १९६४ साली अमेरिकेतल्या रॉबर्ट वाइटब्रेक्ट या पदार्थवैज्ञानिकाने. टंकलेखन यंत्राची अक्षरे आवाजात बदलून टेलिफोनवरून पाठवायची आणि पलीकडे पुन्हा कागदावर उतरवायची, अशी युक्ती त्याने केली. त्याच्या जोडीला दोन मित्र होते, तेही बहिरे. आणि वाइटब्रेक्ट स्वतः? जन्मतः बहिरा. बेलची वही ज्याला काट मारायला निघाली होती, त्यानेच बेलचे अपुरे काम पुरे केले.

बाहेर आलो तेव्हा दुपार झाली होती. हिरवळ उतारावरून थेट पाण्यापर्यंत जाते, आणि पलीकडे तो सुंदर डोंगर लाल-पिवळा होऊन उभा. मी मोबाइल काढून आक्काला लावला. पुण्यात रात्रीचे साडेआठ वाजले होते. पडद्यावर तिचा चेहरा आला. आता तिचे वय ऐंशीच्या घरात आहे. पण चित्रासह बोलण्याची ही सोय तिने माझ्याआधी शिकून घेतली. फोन नातीच्या हातात दिला आणि मी दोन्ही हात मोकळे केले. तिला डोंगर दाखवला, मेबलची गोष्ट सांगितली, विमान सांगितले, मेंढ्या सांगितल्या. मेंढ्यांसाठी आमच्याकडे खूणच नव्हती. नातीने कानांशी बोटे वळवून शिंगे करून दाखवली, तेव्हा आक्का खदखदून हसली.

मग मी ते सांगितले. आमच्या भाषेत 'चुकले' याला खूण आहे, पण इतक्या वर्षांच्या चुकीला ती पुरेना. मी आत्याचे घर दाखवले, ब्लाउज दाखवला, आणि स्वतःच्या तोंडावर हात ठेवला.

आक्का काही क्षण नुसती पाहत राहिली. तिला त्या दिवसातले काहीच विसरलेले नव्हते, हे मला दिसले. मग तिने खांद्यावरून बोट फिरवून शिवण दाखवली, चिमूट जुळवली आणि मान डोलावली. 'बसला मात्र छान होता.' नंतर बशी फुंकल्याची खूण केली: 'इकडे आलीस की चहाला ये, मग बोलू.' आणि फोन बंद केला.

परतीच्या वाटेवर बराच वेळ कोणी बोलले नाही. कॅन्सोचा बांध आला तेव्हा नातीने विचारले, "आजी, ती लाल चिंधी आक्काआजीला कोणी शिकवली?"

"कोणी नाही," मी म्हटले. "दार वाजलेलं तिला कळत नव्हतं, म्हणून तिने ती केली. आणि बरं का, सकाळी मी तुला खाण तशी माती म्हणाले ना, ते खोडून टाक."

आपल्याकडे दुसरीही एक म्हण आहे: नदीचे मूळ आणि ऋषीचे कूळ विचारू नये. शाळेत असते तर आता मुलांना मी तीच सांगितली असती.